काठावरच्या रात्रीचा हिशेब

मी नागपुरात शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांपैकी कोणाचे वडील ऑटो चालवतात, कोणाचे सेंट्रिंगच्या कामावर जातात. आया चार घरची धुणीभांडी आटोपून दुपारी घरी येतात. अशा घरांना सुट्टीत पाण्याच्या काठी एक रात्र काढावीशी वाटली तर त्यांनी जावं कुठं? शहराच्या आसपास तलावांच्या कडेला रिसॉर्टं झाली आहेत, पण तिथल्या एका खोलीच्या एका रात्रीत यांच्या घरचा महिन्याचा किराणा येतो. आणि साठेक किलोमीटरवर भंडारा जिल्हा आहे, तलावांचा जिल्हा. वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर, पॅसेंजरनं जाता येतं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. चटया, एक ताडपत्री, मच्छरदाण्या आणि डाळ-तांदळाची पिशवी एवढं घेऊन निघावं, तलावाकाठी मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी परतावं, हे माझ्या मनात बरेच दिवस आहे.

मामाजींना ते पटत नाही. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, कालव्याला पाणी सोडण्यात आणि बंद करण्यात. आता ते भंडाऱ्याजवळ आपल्या गावी राहतात, एका माजी मालगुजारी तलावाच्या पाळीखाली. त्यांच्या छपरीत बसून आमचं जे बोलणं झालं ते इथे थोडं आवरून मांडते. यात मी एका बाजूची आहे, हे वाचणाऱ्यानं धरून चालावं.

मामाजी : काठ मोकळे आहेत म्हणतेस. मला एक मोकळा काठ दाखव, बाई. आपलाच तलाव घे. पाळीच्या खाली धान. पाण्यात मच्छीमार संस्थेचा ठेका. त्या कोपऱ्यात ढीवरांचा शिंगाडा. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात कोणी काही पेरतं, कोणाच्या म्हशी चरतात. दुपारी बारा वाजता बाहेरच्या माणसाला हे काही दिसत नाही, म्हणून त्याला वाटतं इथे कोणी नाही.

मी : पण मालकी तर कोणा एकाची नाही ना? १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. म्हणजे ते सगळ्यांचे झाले. मग नागपूरच्या ऑटोवाल्याचा त्यात एका रात्रीपुरताही वाटा नाही?

मामाजी : सरकारजमा झाले आणि तिथूनच त्यांची दशा झाली. मालगुजार जुलमी होता, त्याची बाजू मी घेत नाही. पण पाळ फुटली तर त्याचंही धान बुडायचं, म्हणून उन्हाळ्यात गाळ निघायचा, पाळीवर माती पडायची. नंतर तलाव सगळ्यांचा झाला आणि गाळ काढायची जबाबदारी कोणाचीच उरली नाही. तुझी माणसं आली की तेच होईल. बसायला तलाव सगळ्यांचा, झाडायला सरकारचा.

हे तलाव आपोआप झालेले नाहीत. पूर्व विदर्भात कोहळी समाजानं उतार पाहून, दोन टेकड्यांच्या मधली खाच हेरून मातीच्या पाळी घातल्या, सांडवे काढले आणि खालच्या जमिनीत धान आणि ऊस पिकवला. १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटिअरातही त्यांच्या या कसबाची नोंद आहे. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. तो आता गोंदिया जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ ला जिल्हा दुभंगला, तोवर तोही भंडाऱ्याचाच होता. आजही या भागात हजारो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहेत, आणि शेताशेतातल्या छोट्या बोड्या वेगळ्या. माझ्या मनात जे काठ आहेत त्यांतला प्रत्येक काठ कोणीतरी डोक्यावर टोपली घेऊन रचलेला आहे. मामाजींचा राग तिथून येतो आणि तो मला रास्त वाटतो. पण बांधणाऱ्यांच्या वारसांनी पाहुण्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावं, एवढ्यापर्यंत तो ताणला जाऊ नये.

मी : बरं, गावतलाव राहू द्या. मोठं पाणी घेऊ. गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर थेट भंडाऱ्यापर्यंत येतं. तिथं जलपर्यटनाचा सरकारी प्रकल्प होतो आहे. आंभोऱ्याला तर २०२४ मध्ये नवा पूल झाला, लोक नुसता पूल बघायला जातात. पैसेवाल्यांसाठी बोटी आणि जेट्ट्या येणार असतील तर गरिबाला एक ताडपत्री टाकायला जागा का नको?

मामाजी : गोसीखुर्दचं पायाभरणीचं वर्ष माहीत आहे तुला? १९८८. एप्रिलची २२ तारीख, राजीव गांधी आले होते. त्या पाण्याखाली गावं गेली, हजारो घरं उठली, आणि काही लोक अजून मोबदल्याच्या कागदांमागे फिरतात. त्या माणसांना विचार, त्यांच्या घराच्या जागी आलेल्या पाण्याकाठी सहल काढू का म्हणून. पण ते सोड. त्या पाण्यात येतं काय? तुमच्या नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, आणि तुमचं सगळं सांडपाणी गोसीखुर्दच्या भिंतीशी येऊन थांबतं. भंडाऱ्याचे लोक त्या पाण्याबद्दल किती वर्षं ओरडताहेत! आणि तू त्यात पोरांना हातपाय धुवायला लावणार?

मी : नाग नदीच्या शुद्धीकरणाचा जवळपास १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला आहे.

मामाजी : मंजूर झाला, चांगलं झालं. पाणी साफ झालं की मग ये.

मी : नदीचाच काठ घेतला तर? हिवाळ्यात वैनगंगेची रेती कोरडी असते, पवनीच्या घाटांकडे तर किती सुंदर असते.

इथे मामाजी सरसावून बसले. खात्याचा माणूस त्यांच्यात जागा झाला.

मामाजी : नदीचं मी तुला सांगतो, नीट ऐक. वैनगंगा निघते सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याला. तिथं वर संजय सरोवर आहे. पाऊस तिकडं पडतो, दारं तिकडं उघडतात, आणि पाणी इकडं चढतं. २०२० च्या ऑगस्टचे शेवटचे दिवस आठव. वरून पाणी सोडलं आणि भंडारा शहरात घराघरात शिरलं, पवनीकडं, पुढं गडचिरोलीपर्यंत हाहाकार झाला. छपरावर चढून बसलेली माणसं बोटीनं काढली. आकाशात ढग नाही म्हणून नदी शांत आहे, हे नदीकाठच्या माणसाच्या मनातही येत नाही. तुझी रेतीवर झोपलेली माणसं कोण उठवणार?

मी : म्हणून तर हिवाळा म्हणते. जून ते ऑक्टोबर नदीकाठी कोणी झोपायचं नाही, हे लिहूनच टाकू.

मामाजी : हिवाळ्यात रेतीचे टिप्पर रात्री फिरतात, कधी दिवे बंद करून. आणि मार्च लागला की त्याच रेतीवर नदी सुरय अंडी घालते, टिटवी अंडी घालते. अंडं रेतीच्या रंगाचं. पाय पडल्यावरच कळतं. नदी नको, बाई. नदीवर दिवसा या, पवनीचे घाट बघा, जुना स्तूप जिथं खोदून काढला ती टेकाडं बघा, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जा.

मग जंगलातल्या तलावांचा विषय निघाला, आणि तो लवकर संपला, कारण तिथं वादाला जागा नाही. कोका २०१३ पासून अभयारण्य आहे, भंडाऱ्यापासून विसेक किलोमीटर. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरताच येत नाही, मुक्काम तर दूरच. राखीव जंगलात चूल पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. शिवाय या पट्ट्यात मोहफुलं वेचायला पहाटे गेलेली माणसं वाघानं मारलेली आहेत. ज्या वाटेनं जायला गावकरी बिचकतो तिथं शहरातल्या मुलांना नेण्याचा हट्ट मी धरत नाही. रावणवाडीसारखा जलाशय सहलीसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याच्याही आजूबाजूला झाडी आहे. तिथं दिवस घालवावा; रात्रीचं वनखात्याला विचारल्याशिवाय ठरवू नये.

उरला गावाजवळचा, उघड्यावरचा, घरांच्या हाकेच्या अंतरावरचा मामा तलाव. म्हणजे आम्ही फिरून मामाजींच्या पाळीवरच आलो.

मी : तुमचा खरा आक्षेप काय आहे ते आता सांगा. साप, वाघ, पूर यांचं काहीतरी करता येतं.

मामाजी : सापाचं काय करता येतं, आधी तेच सांग. मण्यार माहीत आहे? रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. चावली तर धड दुखतही नाही, खूणही दिसत नाही. माणसाला वाटतं डास चावला. तासा-दोन तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास. तुझी ती चटई आणि ताडपत्री म्हणजे मण्यारीला आमंत्रण.

मी : तळ शिवलेला तंबू असतो, त्याची चेन लावून घेतली की...

मामाजी : तंबूला पैसे लागतात. तूच म्हणाली, पैसे नाहीत. बाज घे ना! गावात प्रत्येक घरी दोन-तीन बाजा उभ्या करून ठेवलेल्या असतात. बाजेवर झोपायचं, वर मच्छरदाणी टांगायची आणि तिची कड गोधडीखाली चारी बाजूंनी दाबून घ्यायची. चपला जमिनीवर ठेवायच्या नाहीत. उठलं की आधी बॅटरी, मग पाय. आणि कोणत्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन आहे ते दिवसाच बघून ठेवायचं. रात्री शोधायचं काम ते नाही.

हे ते विरोध म्हणून सांगत होते, पण बोलता बोलता त्यांनी मुक्कामाची सोयच मांडून दाखवली. बाज ही वस्तू मला सुचली नव्हती. दुकानातल्या तंबूची किंमत वाचवून तोच पैसा बाजेच्या भाड्यापोटी गावातल्या घरात जाईल. झोपणारा जमिनीपासून दीड हात वर राहील, डिसेंबरात गवतावर पडणाऱ्या दवापासूनही वाचेल. भंडाऱ्याकडची थंडी नागपूरकरांना कमी वाटते. तलावाच्या कडेला पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि ओल हाडांत शिरते. वरून ताडपत्री मात्र हवीच, नाहीतर सकाळी गोधडी पिळून काढावी लागेल.

मी : मग झालं की! बाजा पाळीवर मांडू.

मामाजी : पाळीवर नाही. पाळीवर खड्डा करायचा नाही, खुंटी ठोकायची नाही, चूल घालायची नाही. पाळ मातीची आहे. खुंटीच्या भोकात उंदीर शिरतो, उंदराच्या बिळात पाणी शिरतं, आणि पावसाळ्यात तिथूनच पाळ पाझरायला लागते. मी असल्या बिळांसाठी रात्रीबेरात्री धावलो आहे. आणि पाण्याच्या अगदी कडेलाही नाही. काठापासून सत्तर-ऐंशी पावलं मागं, जिथं गुरं बसतात त्या माळावर.

मी : बाहेरदेशीही हेच सांगतात. पाण्यापासून दोनशे फूट लांब मुक्काम करा म्हणतात. नॉर्वेत तर १९५७ पासून कायदाच आहे. पडीक जागेवर, कोणाच्या राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब, कोणीही तंबू ठोकावा, दोन रात्रींपर्यंत कोणाची परवानगी लागत नाही. तो लोकांचा हक्क आहे.

मामाजी : त्या देशात माणसं किती?

मी : तर मग ग्लासगोचं सांगते. मोठं शहर आहे, कारखान्यांचं, कामगारांचं. तिथून जवळच लॉक लोमंड नावाचं मोठं सरोवर. शहरातले लोक शनिवारी स्वस्तात तिथं जाऊन तंबू टाकायचे. २००३ मध्ये स्कॉटलंडनं कायद्यानं हा हक्कच दिला. मग काठावर दारूच्या बाटल्या, तोडलेली झाडं, जळालेली जमीन. शेवटी २०११ मध्ये सरोवराच्या पूर्व काठावर आणि २०१७ पासून बऱ्याचशा काठांवर नियम आले. मार्च ते सप्टेंबर ठरलेल्या जागी, थोडी फी भरून, परवाना घेऊनच राहायचं. पण बंद नाही केलं, मामाजी. ग्लासगोचा माणूस अजूनही थोड्या पैशात पाण्याकाठी झोपू शकतो. मला एवढंच हवं आहे.

मामाजी : परवाना तपासायला माणूस आहे त्यांच्याकडं. आपल्याकडं कोण येणार? आपल्याकडं पवनेच्या काठी काय झालं ते तूच सांगितलंस मला.

लोणावळ्याजवळच्या पवना धरणाच्या काठी तंबूंच्या रांगाच्या रांगा लागतात, स्पीकर वाजतात, शेकोटी आणि जेवण धरून माणशी दर आकारला जातो. तिथं स्थानिकांना रोजगार मिळाला, हे मी नाकारत नाही. पण पाण्याच्या काठी जाऊन पाण्याचा आवाज ऐकू येऊ नये, हे मला फार दुःखाचं वाटतं. शिवाय तो दर पुन्हा माझ्या वर्गातल्या घरांच्या आवाक्याबाहेरचाच. पवना हे मला नको असलेलं उत्तर आहे, आणि कुंपण घालून सगळ्यांना बंदी हेही.

मी : म्हणूनच मी कंपनी म्हणत नाही, गाव म्हणते. जागा गावानं ठरवायची. स्पीकर नाही, दारू नाही, मोटारी पाळीपर्यंत नाहीत. एका वेळी वीस माणसं, त्यावर एकही नाही. फक्त कुटुंबं, नुसत्या पोट्ट्यांची टोळी नाही. गोवऱ्यांवर पानगे आणि वांग्याची भाजी करायची, लाकडं तोडायची नाहीत. चूल एकच, गाव सांगेल तिथं.

मामाजी : आणि सकाळी पाच वाजता?

मी : पाच वाजता काय?

मामाजी : पाच वाजता तलावावर कोण असतं माहीत आहे? गावातल्या बाया. त्या पाण्यावर येतात, आंघोळ उरकतात, कपडे धुतात, थोडं बोलतात, घरी न सांगता येणारं रडतातही. अंधार असतो म्हणून त्यांना मोकळं वाटतं. दिवसभरात हीच एक घटका त्यांची. तू तुझ्या वर्गातल्या आयांना रात्र देणार म्हणतेस, चांगलं आहे. पण त्यासाठी इथल्या बायांची पहाट घेणार का?

या प्रश्नावर मी बराच वेळ गप्प होते. माझ्या डोळ्यासमोर ज्या बाया होत्या त्यांनी आयुष्यात मौजेसाठी एकही रात्र उघड्यावर घालवलेली नाही. लग्नाच्या वऱ्हाडात, दवाखान्याच्या व्हरांड्यात, फलाटावर त्या झोपल्या आहेत; पण आपल्या मर्जीनं, उशाला मुलं घेऊन, दुसऱ्या दिवशीच्या कामाची घाई नसताना, कधीच नाही. माझ्या सगळ्या खटपटीचं मूळ तिथं आहे. आणि मामाजींनी माझ्यासमोर दुसऱ्या बाया उभ्या केल्या. दोघींचाही हक्क खरा आहे. नागपूरची बाई गरीब आहे म्हणून तिनं गावातल्या तितक्याच गरीब बाईचा आडोसा उघडा करावा, हे मला लिहितानाही जड जातं.

मी : घाट कोणत्या बाजूला आहे?

मामाजी : उगवतीला. देवळाकडून.

मी : आणि तो गुरांचा माळ?

मामाजी : मावळतीला, सांड्याच्या पलीकडं. मधे पाळीचं वळण येतं.

मी : म्हणजे घाट तिथून दिसत नाही.

मामाजी : दिसत नाही. पण सकाळी फोटो काढायला तुझी माणसं पाळीवरून फिरणार नाहीत याची हमी कोण देतं?

मी : सूर्य वर येईपर्यंत पाळीवर जायचं नाही. हा नियम सगळ्यांत वर लिहू.

मामाजी : आणि सांड्याजवळ पोरं पाण्यात उतरणार नाहीत. वरून गुडघाभर दिसतं, खाली गाळ आहे. पाय रुतला की निघत नाही, आणि कमळाचे देठ पायाला गुंडाळतात. पोहता येणारीही बुडतात. पाण्यात उतरायचंच नाही, हात धुवायला बादली.

मी : बादली.

मामाजी : आणि त्या मावळतीच्या कडेला ज्या पाणवनस्पती आहेत त्या तुडवायच्या नाहीत. तुला वाटतं नुसतं गवत आहे. मासा त्यातच अंडी घालतो, पिल्लं त्यातच लपतात.

हे त्यांनी सांगितलं त्यामागं मोठा इतिहास आहे. तलावांमध्ये बेशरम नावाचं तण माजलं, बीज सोडून मोठे मासे वाढवण्याचा धंदा आला, देशी वनस्पती गेल्या आणि त्यांच्याबरोबर मरळ, झिंगे असलं ढीवरांचं रोजचं खाणंही आटलं. अर्जुनी मोरगावच्या भागात ढीवर स्त्री-पुरुषांनी हा बेशरम आपल्या हातांनी उपटला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा गाळात लावल्या. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी हे काम त्यांच्याबरोबरीनं वर्षानुवर्षं केलं आहे. कंबरभर पाण्यात उभं राहून लावलेली ती रोपं आहेत. शहरातून आलेल्या मुलाला मी पहिल्यांदा काही दाखवीन तर तारे नाही, हे गवत दाखवीन; ते कोणी लावलं आणि का, हे मच्छीमार संस्थेतल्याच एखाद्या बाईनं त्याला सांगावं.

मी : तर मग जागा मावळतीचा माळ. नोव्हेंबरअखेर धान निघाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चपासून बंद, टिटवीसाठी. संडासाचं?

मामाजी : ते तूच सांग. उघड्यावर चालणार नाही. गाव हागणदारीमुक्त म्हणून फलक लावला आहे आम्ही, आणि तुझी वीस माणसं सकाळी बाटल्या घेऊन निघतील.

मी : समाजमंदिराचं संडास आहे ना?

मामाजी : कुलूप असतं. किल्ली ग्रामपंचायतीत. पाणी टाकी भरली असेल तर.

मी : टाकी भरायचे पैसे देऊ.

मामाजी : पैशावर आलीस शेवटी. बोल, माणशी किती देणार?

मी : पन्नास रुपये.

मामाजी : पन्नासात काय येतं? रात्री दोन माणसं पहाऱ्याला लागतील, एक गडी आणि एक बाई. रोजगार हमीची दिवसाची मजुरी २०२५-२६ ला ३१२ रुपये होती. त्या भावानंच दोघांचे ६२४ झाले, आणि रात्रीचं जागरण दिवसाच्या भावात कोणी करत नाही. मग बाजांचं भाडं. गोवऱ्या. टाकी. आणि संस्थेला काहीतरी द्यावंच लागेल, तलाव त्यांनी ठेक्यानं घेतला आहे. वीस माणसांचे तू हजार देणार. हजारात गावानं तुझ्यासाठी जागायचं?

मी : तुम्ही किती म्हणता?

मामाजी : दीडशे. वीस माणसं, तीन हजार. हजार पहाऱ्याला, हजार बाजा आणि बाकी खर्चाला, हजार संस्थेकडं, तेही फक्त गाळ काढण्यासाठी, वेगळ्या वहीत.

मी : चार माणसांच्या घराला सहाशे झाले, मामाजी. वर गाडीभाडं, वर शिधा. बापाचा एक दिवसाचा धंदा गेला तो वेगळा. हे लोक येणारच नाहीत. मग जे येतील ते मोटारीवाले, आणि त्यांच्यासाठी मला हे करायचंच नाही.

मामाजी : मग गावानं फुकट करायचं का? गरीब काय तुझ्याच शहरात आहेत?

मी : लहान मुलांना काही घेऊ नका. मोठ्यांना शंभर.

मामाजी : मूल बाजेवर झोपत नाही का? त्याच्यासाठी पहारेकरी जागत नाही का? उलट मुलासाठीच जास्त जागतो.

मी : मुलांना तीस.

मामाजी : मुलांना पन्नास, मोठ्यांना शंभर, आणि शिधा इथल्याच दुकानातून घ्यायचा. नागपुराहून पिशव्या भरून आणायच्या नाहीत. तांदूळ तर मुळीच नाही. भंडाऱ्यात येऊन बाहेरचा तांदूळ शिजवणार?

मी : हे चालेल. अर्धी मुलं, अर्धी मोठी धरली तर दीड हजार होतात. पहाऱ्याचे हजार गेले की पाचशेच उरतात.

मामाजी : उरतात पाचशे, आणि बाजा, गोवऱ्या, टाकी त्यातच बसवायचं. संस्थेला काय द्यायचं मग?

मी : शाळेत एक डबा ठेवू. ज्यांना जमेल ते जास्त टाकतील, तो पैसा गाळाचा.

मामाजी : डब्यावर गाळ निघत नाही, बाई. पण हे मी ठरवणारा कोण? तलाव माझा नाही. संस्थेच्या बायांना विचारावं लागेल, आणि त्या नाही म्हणाल्या तर तिथं विषय संपला, मी त्यांच्यामागं लागणार नाही. तुझ्या वतीनं बोलणारही नाही. तू ये, तू बस त्यांच्यात आणि तूच विचार. मंगळवारी जाळी दुरुस्त करायला सगळ्या देवळाजवळ जमतात.

मी : मंगळवारी शाळा असते.

मामाजी : रजा टाक. आणि येताना तुझ्या वर्गातली एक आई बरोबर आण. बोलू दे तिलाच.